घाटात ताणला गेलेला काटा

मी स्प्रिंगचा काटा बोलतोय. वर कडी, खाली हूक, मध्ये पत्र्याची नळी आणि नळीच्या आत माझा जीव, म्हणजे ती स्प्रिंग. हुकाला काहीतरी लटकवायचं, कडी धरून उचलायचं आणि डोळे बारीक करून माझ्यावरचा आकडा वाचायचा, एवढाच माणसांचा माझ्याशी संबंध. दुखतं का म्हणून आजवर कुणी विचारलेलं नाही. तुम्ही विचारणार असाल तर आधीच सांगतो, दुखतं.

माझा जन्म मारहाणीतच झाला. तार लालभडक तापवली, सळईभोवती पिळली आणि तेलात बुचकळली. मी चर्र ओरडलो तेव्हा कारागीर म्हणाला, "आता झाला कडक." मग माझ्या हुकाला लोखंड लटकवून मला ताणलं आणि जिथे जिथे मी थांबलो तिथे तिथे नळीवर छिन्नीने खुणा ठोकल्या. तान्ह्या बाळाच्या अंगावर कुणी खुणा ठोकतं का? पण काट्याच्या तक्रारीची दखल घेणार कोण!

मला विकत घेतलं एका भंगारवाल्याने. त्याच्या गोदामात दिवस उजाडायचा तोच घणाच्या आवाजाने. पंखे फोडायचे, धुलाईयंत्रांची पोटं फाडायची, मोटारींचे दरवाजे उपटायचे आणि सगळं माझ्या हुकाला अडकवायचं. मालक धिप्पाड होता आणि त्याचा हात हातोड्याशिवायही चालायचा. त्याला दोन मुलगे होते. नावं चांगली ठेवलेली होती म्हणे, पण गोदामात त्यांना 'ए थोरल्या' आणि 'ए धाकट्या' अशाच हाका ऐकू यायच्या, म्हणून मीही तसंच म्हणतो.

या मालकाला एक खोड होती. पोरांच्या कमरेच्या पट्ट्यात माझा हूक अडकवून तो दोघांना आळीपाळीने लटकवायचा. जो हलका भरेल त्याला एक ठेवून द्यायचा, "खाल्लेलं जातं कुठे?" आणि जो जड भरेल त्यालाही एक, "सगळं तूच गिळतोस काय?" मार दोघांना सारखाच बसायचा. पण पोरं एकमेकांच्या ताटाकडे बघायला लागली ती तेव्हापासून. त्यांची आई मध्ये पडायची, पण तिचा हातही काही फुलांचा नव्हता. तिची चपराक खाल्लेला माणूस संध्याकाळपर्यंत गाल चाचपत असायचा.

एका दुपारी गाड्यांच्या सांगाड्यांची चळत घसरली आणि मालक तिच्याखाली गेला. दोघा भावांनी पहारी लावून त्याला बाहेर काढलं, पण तोवर उशीर झाला होता. त्यानंतर त्या दोघांनी मिळून असं कोणतंच काम केलं नाही.

वाटणी झाली आणि ती माझ्या साक्षीने झाली. एक मोटार याला, तेवढ्याच वजनाचे पाइप त्याला. गोदामाच्या मधोमध पत्र्याची भिंत उभी राहिली आणि मला त्या भिंतीवरच्या तुळईला टांगलं, म्हणजे कुणी एकट्याने वापरायला नको. घरातल्या वस्तूंचं तर विचारू नका. कुकर थोरल्याकडे गेला, त्याची शिट्टी धाकट्याकडे. पाट्याचं वजन भरून निघेना म्हणून वरवंटा दुसऱ्या घरी गेला. दोन्ही घरच्या बायकांनी कपाळावर हात मारून घेतला, पण वजन समान होतं ना, मग झालं तर.

हे सगळं बघून आई उठली आणि डोंगरापलीकडे दिलेल्या लेकीकडे जाऊन राहिली. थोरला एकटा तिला भेटायला गेला तर तिने दार उघडलं नाही. धाकटा एकटा गेला तर त्यालाही परत पाठवलं. मग एके दिवशी तिने दोघांनाही फोनवर एकच निरोप दिला.

"दोघं मिळून या. बसने याल तर एक पुढे बसेल, एक मागे. सायकलने या, एका तंबूत झोपा, एका भांड्यात रांधा. तसे आलात तर दार उघडीन. नाहीतर मी मेल्यावर खांदा द्यायलाही येऊ नका."

आई शब्दाची पक्की होती. वय झालेलं, छातीचं दुखणं लागलेलं. आता गेलो नाही तर पुन्हा तोंड दिसेलच असं नाही, हे दोघांनाही कळत होतं. पत्र्याच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना सायकली ठीकठाक करायला सुरुवात झाली.

आता सायकलवर सामान कसं लादायचं, यात त्या दोघांची तऱ्हा वेगळी होती. धाकटा दरवर्षी आठ-आठ दिवस सायकल घेऊन भटकायचा. जड वस्तू तळाशी आणि सांगाड्याजवळ ठेवायच्या, निम्म्याच्या आसपास वजन पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना द्यायचं, डावी-उजवी सारखी ठेवायची आणि वर फक्त हलकं बांधायचं, हे तो पडून-धडपडून शिकला होता. थोरल्याने जन्मभर गावातल्या सपाट रस्त्यावर भंगार ओढलेलं. मागच्या कॅरियरवर ढीग रचायचा, दोरी आवळायची आणि पायडल हाणायचं, एवढंच त्याला माहीत.

निघायच्या सकाळी सामानाची वाटणी झाली. अर्थातच माझ्या हुकावर. तंबूचं कापड थोरल्याकडे आलं, त्याच्या काठ्या धाकट्याकडे. स्टोव्ह थोरल्याकडे, रॉकेलची बाटली धाकट्याकडे. पंप एकाकडे, पंक्चरच्या ठिगळांची डबी दुसऱ्याकडे. एवढं करूनही धाकट्याची बाजू पावशेराने कमी भरली. थोरल्याने अंगणातून एक दगड उचलला, माझ्यावर तोलला आणि धाकट्याच्या पिशवीत टाकला.

"दादा, डोंगर चढायचाय. दगड कशाला?"

"वजन समान पाहिजे."

"बरं, निदान तुझ्या जड पिशव्या तरी पुढे घे. सगळं मागे आणि वर लादलंस तर पुढचं चाक हलकं होईल. उतारावर हँडल ऐकायचं नाही."

"वजन किती आहे ते बोल. कुठे ठेवायचं ते माझं मी बघेन. मला शिकवायला आलास तर दात घशात घालीन."

धाकट्याने दगड तळाशी सरकवून पिशवी आवळली. थोरल्याने भरवसा नको म्हणून मलाही सोबत घेतलं आणि स्वतःच्या हँडलला लटकवलं. मला किती वजन आहे एवढंच सांगता येतं. ते कुठे बसलंय हे ओळखायला मला डोळा नाही. पण हँडलला लटकल्यावर पहिल्याच वळणाला कळलं की या सायकलचं पुढचं चाक रस्त्यावर नुसतं टेकलेलं आहे, रोवलेलं नाही.

रोज सकाळी माझी छळवणूक चालू झाली. काल धाकट्याच्या पिशवीतलं धान्य संपलं, म्हणजे तो हलका झाला. थोरला लगेच स्वतःच्या पिशवीतलं काहीतरी काढून त्याच्याकडे टाके. परवा थोरल्याचं पाणी जास्त प्यायलं गेलं, तर धाकटा उलट हिशेब मागे. सपाटीवर नुसती बाचाबाची होती, चढ लागला तशी ढकलाढकली झाली. एका धर्मशाळेच्या ओट्यावर त्यांनी एकमेकांची गचांडी धरली, ती तिथल्या चौकीदाराने काठी हाणून सोडवली. तंबूत मात्र ते झोपत होते. पाठीला पाठ लावून, पण झोपत होते. आईने फोनवर विचारलंच असतं आणि तिच्याशी खोटं बोलायची दोघांचीही छाती नव्हती.

डोंगराला आता बोगदा झालाय आणि गाड्या तिकडून जातात. सायकलींना बोगद्यात मनाई, म्हणून यांना जुना घाट घ्यावा लागला. दरड कोसळल्यापासून त्या घाटात चिटपाखरूही फिरकत नव्हतं. थोरल्याचे हाल सुरू झाले ते चढावरच. मागच्या ढिगाने पुढचं चाक उचलून उचलून टाकलं. दोनदा तो सायकलसकट उताणा पडला. धाकटा दगडासकट सव्वा मण सामान घेऊन शांतपणे चढत होता, आणि हेच थोरल्याला सोसवेना.

माथ्यावर पोचले तेव्हा दुपार कलली होती आणि धुक्याने समोरचं दिसत नव्हतं. थोरला हाशहुश करत उतरला, मला हातात घेतलं आणि म्हणाला, "काढ पिशव्या. तुझ्याकडे वजन कमी आहे. त्याशिवाय तू असा चढतोस कसा?"

"दादा, वजन तेवढंच आहे. रचलंय वेगळं."

"काढ म्हणतो ना."

धाकट्याने पिशवी उघडली, तो दगड काढला आणि दरीत भिरकावून दिला. "घे. झालो कमी. आता काय करशील?"

थोरल्याने मला कडीने धरून गरगर फिरवलं आणि हाणलं. माझा हूक धाकट्याच्या कानात घुसला आणि पाळी फाडून बाहेर आला. मी आयुष्यात खूप काही उचललंय, पण माणसाच्या अंगात शिरलो तो तेव्हाच, आणि मला ते अजून घाण वाटतं. धाकटा कान दाबून खाली बसला. मग तोही उठला. त्याने थोरल्याच्या पोटात डोकं घातलं, दोघं चिखलात कोसळले. गुडघे, कोपरं, दात, जे सापडेल त्याने दोघं एकमेकांना तुडवत होते. बाप गेला तरी त्याचा हात दोघांच्या खांद्यांत तसाच शाबूत होता.

दम संपल्यावर थोरला उठला. "मर इथेच. आईला सांगतो, धाकटा वाटेतून पळाला." त्याने मला हँडलला अडकवलं, ढीग एका बाजूला कलला होता तसाच ठेवला आणि उतारावर सायकल सोडून दिली.

पहिली दोन वळणं निभावली. तिसऱ्या वळणाआधी रस्ता सरळ आणि तीव्र होता. सायकलने वेग घेतला आणि मागचा ढीग शेपटीसारखा डोलायला लागला. ढीग डावीकडे गेला की हँडल उजवीकडे जाई. थोरल्याने हँडल आवळलं तशी थरथर आणखी वाढली. मी त्याच्या मुठीवर आपटत होतो, त्याची बोटं फोडत होतो. त्याने घाबरून पुढचा ब्रेक दाबला. पुढच्या चाकावर वजनच नव्हतं. ते ओल्या रस्त्यावरून सरकलं, सायकल आडवी झाली आणि मागून सगळं ओझं, तंबू, स्टोव्ह, भांडी, अवजारांची थैली, त्याच्या अंगावर आलं. कठड्याच्या दगडावर त्याची नडगी आपटली. आत हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. लोखंड मोडतं तेव्हा खणखणतं. हा आवाज ओल्या फांदीचा होता.

थोरला पाय धरून ओरडत राहिला. त्याच्या फोनचा चुरा झाला होता आणि घाटात रेंज तशीही नव्हती. पाऊस लागला आणि वारा असा की हात बधिर व्हावेत. त्याने तंबूचं कापड ओढून अंगावर घेतलं, पण काठ्यांशिवाय ते वाऱ्याने उडून तोंडावर फडफडत होतं. स्टोव्ह जवळ पडला होता, तो पेटवायला रॉकेल नव्हतं. वाटणी अगदी चोख झाली होती.

काही वेळाने वरून धाकट्याच्या सायकलचा आवाज आला. त्याने कानाला फडकं बांधलं होतं आणि ते रक्ताने काळं पडलं होतं. त्याने थोरल्याला पाहिलं. थोरल्याने त्याला पाहिलं, पण हाक मारली नाही. धाकटा तसाच पुढे गेला. वळणाआड दिसेनासाही झाला. थोरल्याने डोळे मिटले आणि पुटपुटला, "जा. मीही गेलो असतो."

मी खरं सांगतो, मला धाकट्याचा राग आला नाही. ज्याचा कान फाडला त्याने थांबावं, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? मी त्या चिखलात पडून फक्त पावसाचा आवाज ऐकत होतो.

मग ब्रेकचा कर्कश आवाज आला. धाकटा सायकल हाताने ढकलत चढ चढून परत आला.  आधी त्याने सायकल आडवी टाकली आणि थोरल्याच्या एक मुस्कटात भडकावली. मग त्याच्या पायाजवळ बसला.

नडगी मध्येच वाकडी झाली होती आणि पाऊल भलतीकडे वळलं होतं. "हे असंच ठेवलं तर खाली पोचेपर्यंत पाय जाईल," धाकटा म्हणाला. "सरळ करायला लागेल. ओढू का?"

"तुला येतं?"

"नाही."

थोरल्याने तंबूच्या कापडाचं टोक दातांत धरलं आणि मान हलवली. धाकट्याने कमरेचा पट्टा त्याच्या बुटाभोवती आवळला आणि खेचायला गेला, पण हात रक्ताने आणि पावसाने निसटत होते. तेव्हा त्याने मला उचललं. पट्ट्यात माझा हूक अडकवला, माझी कडी दोन्ही मुठींत धरली, टाच कठड्याला लावली आणि मागे रेलला.

मी ताणला गेलो. शेवटची खूण ओलांडली तेव्हा वाटलं, आता हा थांबेल. तो थांबला नाही. थोरला कापड चावत गुरासारखा ओरडत होता, धाकटा रडत होता आणि मोठ्याने शिव्या देत होता, "थोडं, दादा, थोडं राहिलंय, मर तिकडे, थोडंच." माझ्या आतला एकेक पीळ उलगडत चालला होता. भंगारातली इंजिनं उचलताना जे झालं नाही ते तेव्हा झालं. माझ्यात काहीतरी कट्‌कन तुटल्यासारखं झालं आणि त्याच वेळी पाय सरळ झाला.

धाकट्याने तंबूच्या काठ्या पायाच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि कापडाच्या पट्ट्या फाडून बांधल्या. रॉकेल स्टोव्हमध्ये ओतलं, कठड्याच्या आडोशाला पाणी तापवलं आणि थोरल्याला पाजलं. मग त्याने थोरल्याची सायकल कठड्याला टेकवून ठेवली आणि स्वतःच्या सायकलच्या मागच्या पिशव्या उतरवल्या.

"तुला इथे कॅरियरवर बसवतो आणि सायकल ढकलत नेतो."

थोरल्याने सायकलकडे पाहिलं. दातांवर दात वाजत होते, तरी म्हणाला, "मी मागे बसलो तर पुढचं चाक उचललं जाईल."

"मग?"

"माझं सगळं सामान पुढच्या पिशव्यांत भर. अवजारं तळाला. दोन्हीकडे सारखी." धाकट्याचा हात माझ्याकडे गेला तसा तो म्हणाला, "तोलू नकोस. हाताने बघ."

धाकट्याने हाताने अंदाज घेऊन अवजारं, भांडी, सगळं पुढे भरलं. थोरल्याला पाठीवर घेऊन कॅरियरवर बसवलं, सीटला दोऱ्यांनी बांधलं आणि मोडलेला पाय एका पिशवीच्या पट्ट्यांनी सांगाड्याला बांधला. प्रत्येक खड्ड्याला थोरला किंचाळत होता आणि प्रत्येक किंचाळीला धाकटा म्हणत होता, "गप, कानात दुखतंय." पण हँडल हललं नाही. पुढचं चाक रस्ता धरून होतं. अंधार पडायच्या आत पायथ्याचा दवाखाना आला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घातलं, कान शिवला आणि दोघांनाही आठवडाभर राहायला सांगितलं. दुसऱ्या सकाळी दोघांनी तिथून पळ काढला. आईने सायकलने या म्हटलं होतं, तर सायकलनेच जायचं होतं. गावातून जाताना लोक थांबून बघत होते. बहिणीचं घर वरच्या मजल्यावर. जिन्यापाशी सायकल टेकवून धाकट्याने थोरल्याला पाठुंगळी घेतलं. मी त्याच्या पट्ट्याला लटकत होतो आणि प्रत्येक पायरीवर त्याच्या मांडीवर आपटत होतो.

दार आईने उघडलं. ती पार वाळली होती, पण डोळे तेच होते.

"दोघं आलात?"

"आलो," धाकटा म्हणाला.

तिने त्याचा शिवलेला कान पाहिला. "हे कुणी केलं?"

"पडलो."

"मी केलं," पाठीवरून थोरला म्हणाला.

"आणि तुझा पाय?"

"तोही मीच मोडला."

"मग याने काय केलं?"

 थोरल्याने भावाच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "याने आणलं."

आईचा हात उठला. त्या हाताची चपराक दोघांनाही पाठ होती आणि ती कुणासाठी आहे हेही कळत होतं. धाकट्याने झटकन आपलं तोंड मध्ये घातलं. थोरला त्याच्या आड झाला आणि चपराक बसली ती धाकट्याच्या गालावर, टाक्यांच्या अगदी जवळ. शिवणीतून रक्त आलं.

"त्याला मारू नकोस," थोरला ओरडला. "आई, त्याला मारू नकोस. मला मार, हा घे गाल, मला मार." तो पाठीवरूनच धाकट्याच्या कानाभोवती दोन्ही पंजे धरून बसला. आयुष्यभर त्या भावाच्या ताटावर नजर ठेवलेला माणूस त्याच्या कानाला कुणाचा वारा लागू देईना. आई तशीच हात वर धरून उभी राहिली. मग तिने तो हात दाराच्या कडीवर नेला आणि दार पूर्ण उघडलं.

माझी स्प्रिंग त्या घाटात गेली ती गेलीच. आता हुकाला काही नसलं तरी माझा काटा शून्यावर येत नाही, एका मोडक्या पायाएवढं वजन दाखवत राहतो. मी कामाचा उरलो नाही हे मला कळतं. भंगाराच्याच गोदामात आहे, तेव्हा एक ना एक दिवस घणाखाली जाईन, त्याचं वाईट वाटत नाही. तुम्हाला एवढंच मागणं आहे. मला वितळवून पुन्हा काही करायचंच झालं तर काटा करू नका. कडी करा, खिळा करा, पट्ट्याचं बक्कल करा. ज्याने कुणाची वाटणी होत नाही असं काहीही करा.